जुनी एसयूव्ही दान करण्याआधी

थंडी आणि बर्फ असूनही इतके लोक आलात, बरं वाटलं. आजचा विषय पाटीवर वाचून एक काका मघाशी म्हणाले, "गाडी दान करायची त्यात व्याख्यान कसलं? फोन करायचा, ट्रक येतो, घेऊन जातो." काका, आम्हीही अगदी हेच म्हणत होतो. म्हणून सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आमच्याकडे एक मोठी जर्मन एसयूव्ही होती. धाकटीचा जन्म झाला, भारतातून आईबाबा सहा-सहा महिने येऊन राहायला लागले, तेव्हा सात माणसं बसतील अशी गाडी हवी म्हणून घेतलेली. नवी, साठ हजारांच्या वर गेली होती. खरं सांगायचं तर सात माणसं छोट्या व्हॅनमध्येही बसली असती. पण हौस होती. अकरा वर्षं वापरली, एक लाख तीस हजार मैल झाले. मग एका जानेवारीत सकाळी बघतो तर गाडी ड्राइव्हवेत एका बाजूला बसलेली, म्हशीसारखी. एअर सस्पेन्शन गेलं. मेकॅनिकने आकडा सांगितला, ४,८०० डॉलर. डीलरकडे गेलो तर तो म्हणाला, आहे तशी घेतो, ४,००० देतो.

आम्हाला राग आला. साठ हजारांच्या गाडीचे चार हजार? घरी येऊन इंटरनेटवर किंमत बघितली, तर आमच्या मॉडेलसमोर ११,००० दिसले. त्याच आठवड्यात रेडिओवर जाहिरात ऐकली: गाडी दान करा, टो फुकट, करात वजावट. आमच्या गावाजवळ घरच्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांसाठी एक निवारागृह आहे. त्यांच्या नावानेही गाड्या घेतल्या जातात, असं कळलं. आम्ही म्हटलं, डीलरला चार हजारांत देण्यापेक्षा त्या बायकांच्या कामी येऊ दे, आणि आपल्याला अकरा हजारांची वजावट. दोघांचंही भलं. दोन दिवसांत ट्रक आला. आम्ही गाडीबरोबर फोटोसुद्धा काढला.

दहा आठवड्यांनी टपालाने फॉर्म आला. गाडी लिलावात विकली गेली होती, २,४०० डॉलरना. म्हणजे आमची वजावट अकरा हजार नाही, चोवीसशे. बरं, ती चोवीसशेची वजावटही आमच्या उपयोगाची नव्हती, ते का ते पुढे सांगतो. पण खरा धक्का पुढेच होता. उन्हाळ्यात त्या निवारागृहाचा वार्षिक कार्यक्रम झाला. तिथे हिशेब बघणाऱ्या बाईंना आम्ही सहज विचारलं, आमच्या गाडीचे तुम्हाला किती मिळाले? त्यांनी वही बघून सांगितलं, साधारण तेराशे. बाकीचे टोवाला, लिलाव आणि मधली कंपनी यांच्यात गेले. बाई फार अदबीने बोलल्या. तक्रार अजिबात नाही. एवढंच म्हणाल्या की त्या महिन्यात बसचे पास घ्यायला पैसे कमी पडले होते.

आता हिशेब बघा. डीलर ४,००० देत होता. ते घेऊन तिथल्या तिथे निवारागृहाच्या नावाने चेक लिहिला असता तर त्यांना ४,००० मिळाले असते. मिळाले १,३००. मधले २,७०० डॉलर गेले कुठे? आमच्या मानापमानात. साठ हजारांच्या गाडीचे चार हजार ऐकून घ्यायचे नव्हते, म्हणून आम्ही दान केलं. कोणी फसवलं नाही. सगळं कायदेशीर होतं, फॉर्मवर होतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

कठोपनिषदातली नचिकेताची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. यमाच्या दारातल्या तीन रात्री आपल्या लक्षात राहतात, पण गोष्टीची सुरुवात दानापासून होते. वडिलांनी सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला, आणि दानाला गाई काढल्या त्या म्हाताऱ्या, आटलेल्या. लहान मुलाला ते खटकलं. अशा गाईने दान घेणाऱ्याचं काय भलं होणार? उलट त्याच्या गोठ्यात एक खर्च वाढला. आपल्याकडे धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, ते घेणाऱ्याला. देणाऱ्याने मात्र मोजायलाच हवेत. आजचं आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता ते दात कसे मोजायचे ते सांगतो.

कायदा असा का झाला

अमेरिकेत गाडी दान करण्याची पद्धत १९९०च्या दशकात जोरात वाढली. तेव्हाचा नियम दात्याला सोयीचा होता. किमतीचं पुस्तक उघडायचं, आपल्या मॉडेलसमोरचा आकडा बघायचा आणि तेवढी वजावट मागायची. गाडी त्या आकड्याला विकली जाते का, हे कोण बघतंय?

मग संसदेने सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या जीएओ या संस्थेला बघायला सांगितलं. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांचा अहवाल आला. कर-वर्ष २००० मध्ये सुमारे ७,३३,००० विवरणपत्रांत गाडीच्या दानाची वजावट होती, आणि त्यामुळे लोकांचा कर अंदाजे ६५ कोटी ४० लाख डॉलरनी कमी झाला होता. त्यांनी ५४ गाड्यांचा माग शेवटपर्यंत काढला. त्यातल्या दोन-तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने जेवढी किंमत दाखवली होती तिच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हातात पडली होती.

त्यातलं एक उदाहरण तर ऐकून ठेवण्यासारखं आहे. १९८३चा एक ट्रक. दात्याने वजावट घेतली २,४०० डॉलर. लिलावात ट्रक गेला ३७५ ला. जाहिरात आणि बाकीचा खर्च जाऊन उरले ६३. ते संस्था आणि मधली कंपनी यांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. संस्थेला मिळाले ३१ डॉलर ५० सेंट.

हे बघून २००४ मध्ये कायदा बदलला. २२ ऑक्टोबर २००४ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली आणि १ जानेवारी २००५ पासून गाडीच्या दानाचा नवा नियम लागू झाला. गंमत अशी की मोठ्या एसयूव्हीची दुसरी एक पळवाटही त्याच कायद्याने अरुंद केली. सहा हजार पौंडांहून जड गाडी धंद्यासाठी घेतली तर पहिल्याच वर्षी एक लाख डॉलरपर्यंत खर्च दाखवता येत होता. म्हणून तेव्हा डॉक्टर, दुकानदार, वकील सगळे हमर घेत होते. त्या कायद्याने एसयूव्हीपुरती ती मर्यादा २५,००० वर आणली. म्हणजे मोठ्या गाडीवर घेताना आणि देताना मिळणाऱ्या दोन्ही सवलतींना एकाच कागदाने लगाम घातला.

आजचा नियम, सोप्या शब्दांत

तुम्ही ५०० डॉलरहून जास्त वजावट मागणार असाल आणि संस्थेने गाडी विकली, तर संस्थेची गाडी जेवढ्याला विकली गेली तेवढीच तुमची वजावट. पुस्तकातली किंमत विसरा. गाडी ५०० किंवा त्याहून कमीला गेली, तर बाजारभाव आणि ५०० यांतला जो आकडा कमी, तो.

याला तीन अपवाद आहेत, आणि तिथे खऱ्या बाजारभावाएवढी वजावट मिळते. पहिला, संस्था गाडी स्वतःच्या कामासाठी भरपूर वापरणार असेल. म्हणजे वर्षभर रोज म्हाताऱ्या माणसांना जेवणाचे डबे पोचवायचे, असं काही. आठवड्यातून एकदा बँकेत जाणं यात बसत नाही. दुसरा, संस्था विकण्याआधी मोठी दुरुस्ती करणार असेल. धुणं, पुसणं, ओरखड्यावर रंग लावणं चालत नाही. तिसरा, संस्था ती गाडी गरजू माणसाला फुकट किंवा अगदी कमी किमतीत देणार असेल, आणि गरजूंना वाहन मिळवून देणं हे तिचं कामच असेल.

संस्थेने तुम्हाला १०९८-सी नावाचा फॉर्म द्यायचा असतो. गाडी विकली तर विक्रीपासून तीस दिवसांत, आणि संस्था ठेवून घेणार असेल तर दानापासून तीस दिवसांत. तो फॉर्म विवरणपत्राला जोडावा लागतो. तो नसेल तर ५०० च्या वरची वजावट नाही, मग गाडी बीएमडब्ल्यू असो की रोल्सरॉइस. शिवाय ५०० च्या वर तुम्हाला स्वतः ८२८३ हा फॉर्म भरावा लागतो. आणि अपवादात बसून ५,००० च्या वर वजावट मागत असाल, तर अधिकृत मूल्यमापकाचा लेखी अहवालही लागतो. महागड्या गाडीच्या बाबतीत हे लक्षात ठेवा, कारण अहवालाचे पैसे तुमच्या खिशातून जातात. आयआरएसने दात्यांसाठी ४३०३ क्रमांकाची छोटी पुस्तिका काढली आहे, फुकट मिळते, तासाभरात वाचून होते.

पण वजावट मिळते कोणाला?

आता मघाची अर्धवट राहिलेली गोष्ट. आमची चोवीसशेची वजावट वाया का गेली? कारण आम्ही स्टँडर्ड डिडक्शन घेतो. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून ती जवळजवळ दुप्पट झाली आणि तेव्हापासून दहांतली साधारण नऊ घरं तीच घेतात. २०२६ साठी नवरा-बायको मिळून ती ३२,२०० डॉलर आहे. घरकर्जाचं व्याज, राज्याचे कर, देणग्या हे सगळं मिळून त्याच्या वर जात असेल, तरच गाडीच्या दानाचा करात फायदा. नाही तर शून्य. जाहिरातीत "करात वजावट" म्हणतात ते खोटं नाही, पण ते आपल्यातल्या बहुतेकांसाठी नसतं.

२०२६ पासून दोन गोष्टी बदलल्या. स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही आता देणगीची थोडी वजावट मिळते, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० पर्यंत. पण ती फक्त पैशाच्या देणगीवर. गाडी, कपडे, फर्निचर यांवर नाही. आणि जे खर्चाची वेगळी यादी देतात, त्यांच्या देणग्यांतला उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याएवढा भाग आता धरला जात नाही. पहिल्या नियमाचा रोख बघितला तर सरकार सांगतंय, वस्तूपेक्षा पैसे द्या.

एक साधा हिशेब

समजा तुमची एसयूव्ही चालू आहे, बरी आहे, आणि थेट गिऱ्हाइकाला ११,००० ला जाईल. आणि समजा तुम्ही खर्चाची यादी देणारे आहात, २४ टक्क्यांच्या टप्प्यात. तो अर्ध्या टक्क्याचा नियम सोपं जावं म्हणून बाजूला ठेवू.

पहिला रस्ता: गाडी दान केली. लिलावात ती, समजा, ५,००० ला गेली. मधल्या कंपनीने खर्च आणि आपला वाटा मिळून चाळीस टक्के घेतले. संस्थेला ३,०००. तुमची वजावट ५,०००, कर वाचला १,२००.

दुसरा रस्ता: गाडी स्वतः विकली, ११,००० चा चेक संस्थेला दिला. संस्थेला ११,०००. तुमची वजावट ११,०००, कर वाचला २,६४०. घरच्या गाडीच्या विक्रीवर कर नाही, कारण ती तोट्यातच विकली जाते. तो तोटा मात्र मागता येत नाही.

दोन्ही रस्त्यांत गाडी तुमच्या दारातून गेली. तुम्ही दिलंत तेच. संस्थेला मात्र ३,००० ऐवजी ११,०००. फरक आहे तो तुमच्या दोन-तीन शनिवारांचा. फोटो काढायचे, चार अनोळखी लोकांशी बोलायचं, बँकेत भेटून टायटल द्यायचं. ते दोन-तीन शनिवार म्हणजेच खरं दान आहे, असं आम्हाला आता वाटतं. आणि तेवढा वेळ नसेल तर जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपन्या किंवा डीलर देतील तो भाव घ्या. तोही बहुतेक वेळा लिलावातून संस्थेला पोचणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असतो. आमचा तर तिप्पट होता.

आलिशान गाडीचं वेगळं दुखणं

इथे एका ताईंनी विचारलं की विकण्यापेक्षा संस्थेने ती गाडी एखाद्या गरजू बाईलाच का देऊ नये? प्रश्न फार चांगला आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी गाडीशिवाय नोकरी टिकत नाही, हे आपण सगळ्यांनी पहिल्या वर्षी अनुभवलंय. आणि अशा कामाच्या संस्था आहेत. व्हरमाँटमध्ये गुड न्यूज गराज १९९६ पासून हे काम करते. मेरीलँडमध्ये व्हेइकल्स फॉर चेंज १९९९ पासून करते. ती तर तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांना मेकॅनिकचं शिक्षणही देते. दान आलेली गाडी दुरुस्त करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला देतात. त्या कुटुंबाला नोकरीवर वेळेत पोचता येतं, मुलाला दवाखान्यात नेता येतं.

पण अशा कामाला उपयोगी पडते ती कोरोला, सिव्हिक, साधी कॅमरी. दहा वर्षांची आलिशान एसयूव्ही नाही. का, ते आमच्याच गाडीवरून सांगतो. तिला महाग पेट्रोल लागायचं. टायर मोठे, आणि चारही चाकांना ताकद जाणारी गाडी, त्यामुळे एक खराब झाला तरी बहुतेक वेळा चारही बदला. नुसती हरवलेली किल्ली नवी करायची तर शेकड्यांनी डॉलर. विमा जास्त. आणि एअर सस्पेन्शन गेलं की ४,८००. ताशी सोळा-सतरा डॉलर कमावणाऱ्या बाईच्या दारात ही गाडी उभी करणं म्हणजे तिला बिल भेट देणं. आम्हाला जो खर्च परवडला नाही म्हणून गाडी दारातून घालवली, तो तिला कसा परवडेल? गाडीची किंमत घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. नचिकेताने विचारलेला प्रश्न हाच.

म्हणून आमचं मत असं, की आलिशान गाडीची संस्थेला गरज नसते, तिच्या पैशांची असते. आणि गाडीचे पैसे करण्याचं काम संस्थेपेक्षा आपण जास्त चांगलं करतो.

धंद्याच्या नावावर असेल तर

इथे दवाखाने, मोटेल, दुकानं असलेले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी एक सूचना. एसयूव्ही धंद्याच्या खर्चात दाखवून तिचा पूर्ण घसारा घेतला असेल, तर कागदोपत्री तिची किंमत शून्य झालेली असते. अशी गाडी दान केली तर वजावटीतून तो घेतलेला घसारा वजा होतो. बाजारात तिला पंधरा हजार येत असले तरी तुमची वजावट शून्यावर येऊ शकते. एकदा खर्च दाखवलेल्या वस्तूवर दुसऱ्यांदा सवलत नाही, हे न्यायाचंच आहे. आणि विकलीत तर तो फायदा उत्पन्नात धरला जातो. तेव्हा अशी गाडी असेल तर टो ट्रकला फोन करण्याआधी आपल्या सीपीएला करा.

तरीही गाडीच द्यायची असेल

गाडी द्यावी असे प्रसंग असतात. ती चालतच नाही आणि भंगारवालाही नीट भाव देत नाही. घरातलं माणूस गेलंय, त्याची गाडी अनोळखी लोकांना दाखवत बसायची ताकद नाही. वय झालंय, घरी कोणी परकं यायला नको. अशा वेळी फुकट टो ही मोठी सोय आहे, आणि संस्थेला तेराशे मिळाले तरी ते शून्यापेक्षा बरेच. फक्त काही गोष्टी आधी विचारून घ्या.

गाडी तुम्ही स्वतः घेता की मधली कंपनी? विक्रीतले किती टक्के तुम्हाला मिळतात? गाडी विकणार, वापरणार की कुणाला देणार? पैसा कोणत्या कामाला आणि कोणत्या गावात खर्च होतो? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नाही. मिनेसोटाच्या अॅटर्नी जनरलने २०१७ मध्ये मुलांच्या नावाने गाड्या गोळा करणाऱ्या एका मोठ्या संस्थेचे कागद तपासले. तीन वर्षांत त्या राज्यातून तीस लाख डॉलरच्या वर जमले होते, आणि त्यातला एक टक्काही त्या राज्यातल्या मुलांवर खर्च झालेला नव्हता. संस्था करमुक्त आहे की नाही हे आयआरएसच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. देवळं, चर्च यांची नावं त्या यादीत नसली तरी ती चालतात.

मग कागद. कर्ज बाकी असेल तर आधी फेडा. लीजची गाडी तुमची नाहीच, ती देता येत नाही. टायटलवर घेणाऱ्या संस्थेचं नाव लिहूनच सही करा. कोरं टायटल कोणाच्याही हातात देऊ नका, ट्रकवाला कितीही गोड असला तरी. मैलांचा आकडा लिहा, फोटो काढा. मोटार खात्याला गाडी दिल्याची सूचना त्याच दिवशी द्या. कॅलिफोर्नियात तर पाच दिवसांची मुदत आहे. नंबराच्या पाट्यांचे नियम राज्याराज्यांत वेगळे. कॅलिफोर्नियात त्या गाडीवरच राहतात, इथे न्यू जर्सीत काढून परत करायच्या. विमा त्यानंतर बंद करा, आधी नाही.

महागड्या गाडीत आणखी एक काम असतं. तिच्या पडद्यात तुमचं घर, ऑफिस, फोनमधली सगळी नावं साठलेली असतात. ती पुसा. मोबाइलवरच्या अॅपमधून गाडी काढून टाका. टोलचा टॅग काढा, गराजचं रिमोट काढा. आमचा टॅग आम्ही विसरलो होतो. आमची गाडी आमच्याशिवाय पेनसिल्व्हेनियात फिरून आली हे आम्हाला टोलच्या बिलावरून कळलं.

भारतात पाठवता येईल का?

हा प्रश्न दर वेळी येतो, म्हणून आजही घेतो. गावाकडच्या आश्रमशाळेला ही गाडी पाठवली तर? भावना समजते, पण होत नाही. वापरलेली गाडी भारतात न्यायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. आपली दोन्हींत नापास. इथे विकून पैसे पाठवता येतात. मात्र भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या देणगीची अमेरिकेत वजावट नाही. त्यासाठी इथे नोंदलेल्या संस्थेमार्फत द्यावं लागतं. आणि अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी भारतात परदेशी देणगी धरली जाते, त्यामुळे घेणाऱ्या संस्थेकडे तशी परवानगी आहे ना, हे विचारून घ्या.

पुण्या-मुंबईतले नातेवाईक गाडी दान करायची म्हणत असतील तर त्यांनाही हेच सांगा. भारतात आपण ज्याला ८०जी म्हणतो ती सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे, वस्तूला नाही. तीही रोख दिली तर दोन हजार रुपयांपर्यंतच. गाडी विका, चेक द्या, पावती घ्या.

शेवटी

गेल्या वर्षी आमची दुसरी गाडी निघाली, साधी सेडान, पण चालणारी. या वेळी आम्ही आधी निवारागृहातल्या त्याच बाईंना फोन केला आणि विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, हा प्रश्न फार कोणी विचारत नाही. त्यांना गाडी नको होती. बसचे पास हवे होते आणि एका बाईच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं. आम्ही गाडी विकली. शेजारच्या गावातला एक कॉलेजचा मुलगा आणि त्याचे वडील घेऊन गेले. घासाघीस करून ५,२०० ला. चेक दुसऱ्या दिवशी दिला. यंदा फोटो नाही काढला. पुढच्या पंधरवड्यात ती बाई आणि तिची दोन मुलं नव्या घरी राहायला गेली, एवढं त्यांनी फोनवर सांगितलं.

तर मंडळी, जुनी गाडी दारात उभी असेल तर आधी संस्थेला फोन करा, टो ट्रकला नंतर. आम्ही करसल्लागार नाही, पोळलेली माणसं आहोत, तेव्हा मोठ्या रकमेचा प्रश्न असेल तर आपापल्या सीपीएला विचारा. आता चहा तयार आहे असं स्वयंपाकघरातून खुणावताहेत. प्रश्न चहाबरोबर घेऊ.